गौराच्या मोटारीची तांब्याची नळी

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, निजामाच्या काळातल्या मोटारींबद्दल लिहा, वाचकांना गंमत वाटेल. त्यांच्या डोळ्यांपुढं बहुतेक एखाद्या नवाबाची लांबलचक मोटार असणार. तसली मोटार धाराशिवात माझ्या हाताखालून एकदाच गेली, तीही चाकात हवा भरून. माझं आयुष्य गेलं ते म्हाताऱ्या मोटारी जगवण्यात. नवी घेणं मालकाच्या आवाक्यात नसतं, जुनी विकायचं मन होत नाही, आणि मग तो मिस्त्रीच्या दारात येऊन म्हणतो, ‘बघा की काय होतंय का.’ या ‘बघा की’वर मी चाळीस वर्षं जेवलो.

मी लोहाराचा मुलगा. हैदराबादेला एका वस्तादांकडं सहा वर्षं राबलो आणि परत येऊन मोटार स्टँडच्या मागं चिंचेखाली पत्र्याचं गॅरेज टाकलं. सांगतोय ती गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांतली. तेव्हा पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि मोटारीचे भाग मिळायचेच नाहीत. मुंबईला कागद पाठवला तर उत्तर यायचं, लढाई संपल्यावर कळवा.

शिवलिंगप्पा हे आमच्या गावातले भुईमुगाचे आडत्ये. मूळचे मुरूमकडचे, घरात कानडी, दुकानात मराठी आणि कचेरीत उर्दू. त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची एक जुनी अमेरिकी मोटार होती. हौसेनं घेतली होती आणि हौस फिटल्यावर वखारीत पोत्यांच्या आड उभी होती. मग त्यांच्या मुलीला, गौराला, कमरेच्या सांध्यात हाडाचा क्षय झाला. पोर नऊ वर्षांची. सोलापूरच्या डॉक्टरांनी कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं की दर पंधरा दिवसांनी आणायची, निजवून आणायची, बैलगाडीचे हिसके बसू द्यायचे नाहीत. बसमध्ये माणूस उभं राहायला जागा नसे, तिथं आडवं कोण निजू देणार? अशी ती मोटार पोत्यांच्या आडून बाहेर आली.

मी ड्रायव्हरशेजारची बैठक काढून टाकली आणि पुढून मागच्या बैठकीपर्यंत एक सागाची फळी बसवली. फळीवर गादी, गादीवर गौरा, मागं कोपऱ्यात अंग चोरून तिची आई. आप्पा मोटार चालवायचे ते गाडं हाकल्यासारखं, म्हणून सोलापूरची खेप मीच करायचो आणि आप्पा पायरीपाशी पाय दुमडून बसायचे. पोरीला पडल्या पडल्या मोटारीच्या टपाशिवाय काही दिसायचं नाही. वळण आलं की ती विचारायची, ‘अप्पा, सोलापूर बंतु?’ म्हणजे आलं का सोलापूर. आप्पा दर वेळी म्हणायचे, आलंच. निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पहिल्या खेपेला जवानानं फळीखाली हात घालून झडती घेतली होती. पुढच्या खेपेपासून तो मोटार दिसताच बांबू वर करायचा आणि गौराला सलाम ठोकायचा. तिनं झोपूनच सलाम परत करायचा असा त्यांचा ठराव होता.

इंजिनला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेलाचं कुणाच्या ध्यानात येत नाही. इंजिनच्या तळाशी तेल असतं, तिथं एक छोटा पंप असतो, आणि पंपातून निघालेल्या नळ्या लोखंडावर लोखंड फिरतं तिथं तिथं तेल पोचवतात. नळी फुटली तर थोड्याच वेळात आतलं सगळं तापतं, एकमेकाला धरून बसतं, आणि त्या दिवसांत तो मोटारीचा शेवटच. आप्पांच्या मोटारीची मुख्य नळी इंजिनच्या बाहेरून जायची. तांब्याची, करंगळीएवढी जाड, हातभर लांब, तीन जागी वळलेली. एका खेपेहून परत आल्यावर मी बॉनेट उघडलं तर ती सांध्याजवळ चिरून तेल गाळत होती. बारा वर्षं इंजिनसोबत थरथरून तांबं थकलं होतं.

नळीचा शोध सुरू झाला. सोलापूरच्या जुन्या सामानवाल्याकडं होती, पण त्यानं जी किंमत सांगितली ती ऐकून आप्पांनी ‘शिवा शिवा’ म्हणत टोपी काढून पुन्हा घातली. दवाखान्यानं त्यांना आधीच धुऊन काढलं होतं. मी सायकलवर ईट गावी गेलो. तिथल्या एका पाटलांची तसलीच मोटार गोठ्यात बंद पडलेली होती. या पाटलांनी ती मोटार पूर्वी एकदा माझ्याकडं चार बैल जुंपून आणली होती, आणि स्वतः चाक धरून गावभर भोंगा वाजवत आले होते. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

‘पाटील, नळी तेवढी द्या. मेलेल्या गाडीला काय करायची?’

‘मेली कोण म्हणतंय? निजलीया,’ पाटील म्हणाले. ‘म्या हाय तवर तिच्या अंगाला हात लावायचा न्हाय. च्या घे आन जा.’

तिथून आबकारीच्या दरोग्याकडं गेलो. धाडीत पकडलेल्या दारूच्या भट्ट्यांना तांब्याची नळी असेल असा माझा हिशेब. दरोगासाहेब पोट धरून हसले. ‘अरे मिस्त्री, ये कोई हैदराबाद है? इथले लोक बांबूची नळी लावतात. पाहिजे तर घेऊन जा दोन.’

शेवटी तांबट गल्लीत म्हाताऱ्या तात्या तांबटांकडं गेलो. गल्लीत एकेकाळी पंधरा घरं ठोकत होती, तेव्हा तिथून जाताना बोलणं ऐकू यायचं नाही. आता तात्यांचं एकटं उरलं होतं. मुलं सोलापूरला गिरणीत लागली होती. लोक जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडी घेऊ लागले होते आणि तात्यांकडं यायची ती फक्त डाख लावायला गळकी घागर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांना मी नळीचा तुकडा दाखवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, नाकाशी नेला.

‘हे काय काम हाय व्हय? लोहाराच्या पोराला जमंना म्हणून आला का तांबटाकडं?’

‘व्हय तात्या. आमचं लोखंड आडदांड.’

‘मग ऱ्हाऊ दे हितं. आन सांग तुज्या आप्पाला, पोरीला म्हणावं काळजी करू नको.’

गौराच्या आईनं लग्नातली घागर मोडायला आणून दिली होती. तात्यांनी ती उलटी करून बूड पाहिलं आणि परत केली. ती त्यांच्या वडलांच्या हातची होती. मग त्यांनी स्वतःचाच फुटका बंब मोडला. बंबाच्या पत्र्याची पट्टी कापली, लोखंडी गजावर गोल वळवली, सांधा पितळी डाखानं झाळून घेतला. नळी नुसती वाकवली तर चपटी होते, म्हणून आत वितळलेली राळ ओतून ती घट्ट होऊ दिली, मग जुन्या नळीवर ठेवून ठेवून हवी तशी वळवली आणि पुन्हा शेकून राळ काढून टाकली. कुठंही सुरकुती नाही. असं काम मी हैदराबादेतही पाहिलं नव्हतं.

आणि मग त्यांनी तिला मठार मारला. मठार म्हणजे लहान हातोडीनं एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर मारलेले ठोके. त्यानं घागर चमकते आणि कडक होते, पडली तरी तिला पोचा येत नाही. तांबटाच्या घरातून बिनमठाराचं भांडं बाहेर पडत नाही, ती त्यांची सहीच म्हणा. तात्यांनी हातभर नळीवर दीड दिवस ठोके घातले होते. माझ्या हातात दिली तेव्हा ती दागिन्यासारखी लखलखत होती. गल्लीतले लोक बघायला जमले होते. तात्या म्हणाले, ‘हाताचं काम मोटारीच्या पोटात जायलंय. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं गेलं न्हाय.’

थंड धातूवर ठोकलं की तो कडक होतो आणि कडक धातू थरथरला की चिरतो, हे लोहाराच्या पोराला आईच्या दुधाबरोबर कळतं. मलाही कळलं होतं. नळी हातात घेताक्षणी मनात आलं होतं की ही परत भट्टीत लाल करून मऊ करायला पाहिजे. पण त्या कामाकडं पाहिलं, त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मनाला म्हणालो, गप बस. तशीच नळी मोटारीला लावली.

दोन खेपा बिनघोर झाल्या. तिसरी महत्त्वाची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोग हटलाय, आता जुनं प्लास्टर काढून पाय नीट सरळ ओढून नवं घालायचं. जुनं ढिलं झालंय, त्यात पाय आखडायला लागला तर सांधा वाकडा धरेल, तेव्हा दिलेला दिवस चुकवू नका. गौराला त्या दिवशी नवा परकर घातला होता. तुळजापूर मागं टाकून घाटाच्या उताराला लागलो, आणि माझी नजर तेलाच्या सुईवर गेली तर सुई खाली पडलेली. तिथंच इंजिन बंद केलं. नळी दोन ठोक्यांच्या मधोमध चिरली होती.

‘अप्पा, सोलापूर बंतु?’ गौरानं विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून तार गुंडाळली. आप्पा चालत तुळजापूरला गेले आणि बाजारातून एरंडेलाचे दोन डबे आणले, दुसरं तेल मिळालं नाही. सोलापूर घराच्या दुप्पट लांब, गळत्या नळीनं ते गाठणं शक्य नव्हतं. मोटारीला एरंडेल पाजत, मैलामैलावर थांबत, माणसाच्या चालीनं आम्ही उलटे घरी आलो. किरायाच्या दोन मोटारी गावात होत्या, पण महिन्याचं पेट्रोल संपलेलं, पुढचं कुपन निघेपर्यंत त्या हलणार नव्हत्या. म्हणजे नळी होईल तेव्हाच जाणं होईल.

तात्यांकडं गेलो. चिरलेली नळी बघून त्यांचं तोंड उतरलं. ‘माजा डाख सुटला का रे?’ त्यांनी विचारलं. आवाज असा आला की मला खरं बोलवेना. खरं एवढंच होतं, तात्या, डाख मजबूत आहे, तुमचा मठार नको होता.

मी म्हणालो, ‘न्हाई तात्या. घाटात खालून दगड उडाला, तो लागला.’

त्यांना केवढा धीर आला. ‘दगड व्हय! मग असं कर, दुसरी करतो. या येळंला मठार दाट मारतो. दगड लागला तरी सोसंल.’

‘तात्या, मठार नसला तरी चालंल. घाई हाय.’

‘उघडीनागडी देऊ? लोक काय म्हणतील? तू जा, तुज्या गॅरेजात बस.’

आणि मी गॅरेजात जाऊन बसलो. आजही हे लिहिताना माझी मलाच चीड येते. तात्यांनी चार दिवसांत नळी केली आणि तीन दिवस मठार मारला. एका डोळ्यानं, दाट, एकावर एक. मी रोज जाऊन बघायचो, ठोके ऐकायचो आणि काही न बोलता परत यायचो. रोज वाटेत आप्पांचं दुकान लागायचं. आप्पा गादीवरून उठून नुसतं विचारायचे, ‘मिस्त्री?’ मी मान हलवायचो.

सातव्या दिवशी नळी मिळाली. ती घेऊन मी सरळ वडलांच्या भट्टीवर गेलो, भाता ओढला आणि तिला लाल केलं. सांधा सुटेल म्हणून जीव मुठीत होता, पण तात्यांचा डाख हलला नाही. पाण्यात विझवली. नळी काळीठिक्कर पडली, पण बोटानं दाबली तर वाकायला लागली. तशीच बसवली.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा तात्या काठी टेकत वखारीपाशी आले. त्यांना त्यांचं काम मोटारीत बसलेलं बघायचं होतं. मी बॉनेट उघडायला टाळाटाळ करत होतो, पण आप्पांनी कौतुकानं उघडलं. तात्या वाकले. त्यांना नीट दिसलं नसणार. त्यांनी हात घातला, नळीवरून अंगठा फिरवला, काळा झालेला अंगठा डोळ्याशी नेला. मग नळी दोन बोटांत धरून हलकेच दाबली.

‘मऊ केलीस,’ ते म्हणाले.

मी बॉनेट लावायला हात पुढं केला.

‘पयली बी मठारानंच फुटली. दगड बिगड काय न्हवता.’

‘व्हय तात्या.’

‘दिगू, तीन दिस म्या ठोकत बसलो. तू दारात हुबा ऱ्हाऊन बघायलास. पोर हिकडं पडलीया, आन तुला माज्या मठाराची पडली?’ त्यांनी नळी सोडली. ‘म्या काय एवढा हलका माणूस हाय व्हय रे? सांगितलं असतंस तर वळवून झाली त्याच दिशी दिली असती की.’

गौरा आतून फळीवरून म्हणाली, ‘तात्याआजोबा, रागावू नका, उशीर होतोय.’ तात्यांनी डोळे पुसले, खिडकीतून हात घालून तिच्या केसांवरून फिरवला आणि मला म्हणाले, ‘हाक.’

ती नळी पुढं कधीच फुटली नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढून बराच वेळ पाय चाचपला. मग आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘आठवडा आधी आणली असती तर मला जास्त करता आलं असतं. आता जेवढं होईल तेवढं करतो.’ परत येताना आप्पांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट तुळजापूरला उतरून मला चहा पाजला.

परत आल्यावर चार दिवसांनी तात्या गॅरेजात आले. फडक्यात गुंडाळलेली एक नळी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. साधी, मऊ, एकही ठोका नसलेली. ‘राखून ठेव. अडीनडीला लागंल. आन कुणाला सांगू नको कुणाच्या हातची हाय म्हणून,’ म्हणाले आणि बसले नाहीत. पुढं त्या गल्लीत जायला मला धीर व्हायचा नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा गौराचं शेवटचं प्लास्टर निघालं. पोर उभी राहिली, भिंत धरून चालली, मग भिंत सोडून. डावा पाय दोन बोटं आखूड राहिला होता. एका सकाळी तिची आई तिला घेऊन गॅरेजात आली. ‘तात्यांकडं जायचं म्हणतीया. तुमी पण चला,’ म्हणाली. मी गेलो.

तात्या भट्टीपाशी बसले होते. तोवर दुसऱ्या डोळ्यातही पडदा आला होता. गौरा दारातून चालत आत आली. फरशीवर तिचं एक पाऊल जड पडायचं, एक हलकं. तात्यांनी मान वर केली आणि ऐकत राहिले. पोर पाया पडली, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्या दिशेला तोंड करून त्यांनी हळूच विचारलं, ‘दिगू, हे त्या आठ दिसांचं हाय का?’

खोटं बोलायला सोपं होतं. रोगच तसा होता म्हटलं असतं तर गौराच्या आईनंही मान डोलावली असती, आणि ते अगदीच खोटं ठरलं नसतं. पण एकदा या माणसाला मी हलकं समजलो होतो.

‘व्हय तात्या. डॉक्टर तसंच म्हणाले,’ मी सांगितलं. ‘पण ते दिस माजे हायत. तुमचे न्हाईत. मला पयल्या दिसापासून ठावं हुतं.’

गौराची आई पदर तोंडाशी धरून खाली बघत होती.

‘दोघांचे म्हण,’ तात्या म्हणाले. ‘एकल्याला जड व्हईल.’

गौराला आमचं काय चाललंय ते कळत नव्हतं, की कळत होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं, मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, ‘आजोबा, मी घरापासून इथपर्यंत कुणाचा हात न धरता आले.’

‘खरं?’

‘आईला विचारा.’

‘मग पुन्यांदा चालून दाव बघू. दारापतूर जा आन ये. मला ऐकू दे.’

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. तात्यांनी पुन्हा जायला सांगितलं. ती पुन्हा गेली.